अक्काची काळी चार

८ डिसेंबर

भाच्याचा, अनिकेतचा, हॉलंडहून फोन. तिकिटं निघाली. बाळाचं बारसं पूर्ण्यातच, अक्काच्या अंगणात, २२ तारखेला. लगेच अक्काला कळवलं. नात येणार म्हटल्यावर माझ्या या थोरल्या बहिणीला आनंदानं बोलता येईना. मग मी पाळण्याचा विषय काढला आणि फोन एकदम गार.

"मी न्हाई गात. मोबाईलवर लावा कुणाचाबी."

आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा हिनंच म्हटलेला. माझ्या दोन्ही मुलांचासुद्धा. नवरात्रात देवीपुढं वरच्या स्वराला आवाज फाटला, तेव्हापासून गाणं बंद. बारशाला अक्का असून मोबाईल गाणार? काहीतरी करायला पाहिजे.

१० डिसेंबर

सकाळच्या पॅसेंजरनं पूर्ण्याला. गफूरभाईंना मीच बोलावलं होतं. अक्काच्या भजनी मंडळात पेटी त्यांचीच, वर्षानुवर्षं. त्यांचा उपाय साधा: पट्टी उतरवा. अक्का जन्मभर पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, काळी चारवर, सा धरून गात आली. सा खालच्या पट्टीवर धरला की वरचे स्वरही खाली येतात, गळ्याला ओढ बसत नाही.

"अक्का, सा कू जरा नीचे बिठाव. कौन पूछताय?"

"मी पुसते," अक्का म्हणाली. "उद्या बायका म्हनतेल, थकली."

मी माझी अक्कल चालवली. सा म्हणजे घराचं जोतं, जोतं चार बोटं खाली घेतलं म्हणून घर काही लहान होत नाही, वगैरे. अक्कानं ऐकून घेतलं.

"जोतं खाली घेतलं की नालीचं पाणी आत येतं. तू आपला पेपरात लिहीत जा."

गफूरभाईंना चहाचा ठसका लागला. हात हलवत परत.

१२ डिसेंबर, गुरुवार

सदराचा दिवस. दर आठवड्याला एक शब्द आणि त्याची गोष्ट. डोक्यात सा होताच. परदेशात सा ला 'डो' म्हणतात असं ठोकून दिलं. पाठवण्याआधी खात्री करावी म्हणून मार्लीनला, अनिकेतच्या बायकोला, व्हिडिओ कॉल केला. (सवय. खात्री न करता पाठवलेला मजकूर रात्रभर झोपू देत नाही.)

तिनं मान हलवली. डो हे स्वराचं नाव. मी विचारतोय त्याला डच शब्द वेगळा: ख्रोन्टोन. ख्रोन्ट म्हणजे जमीन, टोन म्हणजे स्वर. गाणं ज्या स्वरावर उभं राहतं आणि फिरून जिथं येऊन थांबतं, तो. कुठल्या पट्टीवर धरायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

म्हणजे माझं जोतंच की! फार बरं वाटलं. सगळं खोडून नव्यानं लिहिलं.

मग तिनं विचारलं, "आई गाणार ना?" काळी चार, नवरात्र, नालीचं पाणी, सगळं सांगून टाकलं. पाण्याला खळखळून हसली. मग काळी चार नेमकी कुठली म्हणाली. शेजाऱ्यांच्या पेटीवर बोट ठेवलेला फोटो धाडला.

मजकूर वेळेत गेला. संपादकांचा फोन: "सर, ते ख्र बरोबर आहे ना?" म्हटलं, घसा खाकरून वाचा, बरोबर होईल.

१७ डिसेंबर

आले! गाडी उशिरा, धुकं, बाळ सोडून सगळ्यांचे डोळे लाल. अक्कानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि बाळाचं तोंड निरखून निकाल दिला, "नाक आपलं हाय." गल्ली लोटली. मार्लीन ज्याला त्याला नमस्कार करते, दूधवाल्यालासुद्धा दोनदा.

बॅगेतून लाकडी बासरी निघाली. आडवी नाही, सनईसारखी उभी धरायची. तिकडं शाळेत पोरं असलीच शिकतात म्हणे. अक्कानं नुसतं पाहिलं.

१९ डिसेंबर

सदर काल रात्रीच लिहून मोकळा झालो. बरं झालं, नाहीतर आजचं हुकलं असतं.

दुपारी ओसरीवर गफूरभाई पेटी घेऊन. मार्लीननं बासरी ओठाला लावली आणि चक्क आमचा पाळणा! चाल जशीच्या तशी. स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज:

"चाल बरुबर हाय, पट्टी चुकली. काळी चारला वाजव म्हनाव."

मार्लीन उठून दारात गेली. तिचं मराठी अनिकेतनं शिकवलेलं, तुटक. "आई, माझी बासरी गरीब. काळी चार नाही. सगळी भोकं बंद केली, तर पांढरी चार. हिचा ख्रोन्टोन."

अक्का हात पुसत बाहेर. बासरी घेतली, उलटीपालटी केली, एकेका भोकावर बोट ठेवून पाहिलं.

"येवढ्या लांबून आनली आन काळी चार न्हाई?"

"नाही, आई."

"मग लेकरानं करावं काय." अक्का पाटावर बसली. "धरा गफूरभाई, पांढरी चार. हिच्यापायी."

म्हणजे काळी चारहून तीन पट्ट्या खाली. गफूरभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडं नाही.

पहिलं कडवं चाचपडत. दुसऱ्याला आवाज मोकळा. तिसऱ्यात तो वरचा स्वर, नवरात्रात फाटलेला. त्याच्या अलीकडं अक्का क्षणभर थबकली. मार्लीननं बासरी लांबवली, वाट पाहिली. अक्का गेली वर. स्वच्छ! अनिकेत बाळाला घेऊन उठून अंगणात गेला. डोळ्यात कचरा गेला म्हणे. डिसेंबरात, वारं नसताना.

२२ डिसेंबर

बारसं. नाव मीरा. दोन्हीकडं म्हणता येतं.

अक्का गायली. इतकंच लिहितो, पुरेसं आहे.

घुगऱ्या वाटताना मंडळातली एकजण, "आवाज लय गोड लागला गं, अक्का! काय खाती?"

"सुनंची बासरी गरीब हाय. तिच्यापायी खाली बसले."

हे वाक्य तिनं दुपारपर्यंत ओटी भरायला आलेल्या प्रत्येकीला ऐकवलं. शेवटी शेवटी तर कुणी न विचारता.

२८ डिसेंबर

पोहोचवायला स्टेशनवर. गाडीला अवकाश होता. बाकड्यावर बसल्या बसल्या अनिकेतला सहज विचारलं, मार्लीनला चाल कुणी शिकवली?

"कुणी नाही, मामा. आईचं जुनं रेकॉर्डिंग आहे ना, ताईच्या पोराच्या बारशातलं. ही पोटुशी असल्यापासून तेच लावायची आणि सोबत हीच बासरी वाजवायची."

सोबत. ते रेकॉर्डिंग मी चांगलं ओळखतो. मीच केलंय. काळी चारचं.

मार्लीनकडं पाहिलं. बाळाच्या टोपीचा बंद बांधत होती. एका बंदाला इतका वेळ लागत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

अक्काचा फोन. मंडळात पुन्हा जायला लागली. एकादशीच्या भजनात दोन अभंग म्हटले, पांढरी चारला.

म्हटलं, मार्लीन तर गेली. आता कुणापायी?

"सवय ऱ्हावी. ती परत येनार हाय का न्हाई?" मग भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरनं हुज्जत, मला फोनवर तसंच धरून. मेथी मनासारखी मिळाली असावी, कारण परत आली ती खुशीत.

"आन ऐक. तिला सांग, फुडच्या खेपेला येताना बासरीला काळी चारचं भोक पाडून आन म्हनाव. नसलंच तर. आसंलबी कुठंतरी, नीट बघ म्हनाव."

"अक्का, तुला..."

फोन ठेवलेला.

सदर पाचपर्यंत द्यायचंय. या गोष्टीइतकी चांगली गोष्ट वर्षभरात हाती आलेली नाही. पण पेपर पूर्ण्याला सकाळीच पोचतो, आणि अक्का आधी माझंच सदर वाचते. साडेतीन झाले. कागद अजून कोरा आहे.