रिकाम्या केंद्राचा पहिला क्रमांक

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
ग्रामीण आरोग्य संशोधन जाळे,
विभागीय कार्यालय.

विषय : केंद्र क्र. ७ बंद करण्याच्या आदेशाचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : १) आपला प्रगती व परिणाम अहवाल. २) सोमवारपर्यंत रक्तदाबाचे यंत्र व चिठ्ठीपुस्तक जमा करण्याचे आपले पत्र.

महोदय,

१. मी केंद्र क्र. ७ ची आरोग्यसेविका. गेली तीन वर्षे घरोघर जाऊन रक्तदाब मोजते व वहीत लिहिते. या काळात गावातले रुग्ण अकरावरून चौऱ्याण्णव झाले, म्हणून आपल्या अहवालात केंद्राचा परिणाम ‘प्रतिकूल’ ठरला आहे. महोदय, पूर्वी कोणी मोजतच नव्हते. मोजू लागल्यावर रुग्ण सापडले, इतकेच.

२. शेजारच्या केंद्र क्र. ८ ला ‘आदर्श’ म्हणून पहिला क्रमांक मिळाला. तेथे तीन वर्षांत एकही रुग्ण नाही, कारण तीन वर्षांत तेथे सेविकाच नाही. तेथील शिपाई कोरे तक्ते दरमहा न चुकता आपल्याकडे पोहोचवतो आणि आपल्या कार्यालयात कोऱ्या रकान्यांत शून्य भरले जाते. पाहणीला आलेल्या साहेबांच्या कानावर मी हे घातले. ते म्हणाले, “बाई, आकडे बोलतायत ना? मग तुम्ही कशाला मध्ये?” मी तेव्हाच लेखी कळवले नाही, ही माझी चूक झाली.

३. त्याच क्र. ८ च्या गावातली शिंपीण गेल्या महिन्यात दाब वाढून, झटके येऊन बाळासकट गेली. नऊ महिन्यांत तिच्या दंडाला कोणी एकदाही पट्टा बांधला नव्हता. आपल्या तक्त्यात तिचेही शून्यच आहे. अर्जात राग लिहू नये हे कळते, पण मला फार राग येतो.

४. माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना आहे. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ दाब मोजायला आणि वरचा आकडा दीडशेपार जाताच पाठवायला सांगितले आहे. काल १४२ होता, आज सकाळी १४८. डोके धरून बसते आणि वर “ताई, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता” म्हणून मलाच हसते. रुग्णालय चाळीस किलोमीटरवर आहे आणि केंद्राच्या चिठ्ठीशिवाय त्यांची गाडी निघत नाही. सोमवारनंतर मी तिला कशाने मोजू व कशावर पाठवू, याचे उत्तर आपल्या पत्रात नाही.

५. तरी तिचे बाळंतपण होईपर्यंत निदान दीड महिना केंद्र चालू ठेवावे, अशी विनंती इथवर लिहून मी उठले व पुन्हा मोजले. वरचा १६४, खालचा ११०. खात्रीसाठी दोनदा मोजले. चिठ्ठी फाडली आहे, गाडी येत आहे, मी सोबत जात आहे.

वहीत पंच्याण्णवावी रुग्ण म्हणून तिची नोंद केली आहे. केंद्र आणखी प्रतिकूल झाले, याची नोंद घ्यावी.

आपली नम्र, व सोमवारनंतरही मोजणारी,
(सही)
आरोग्यसेविका, केंद्र क्र. ७
शनिवार, दुपारी दोन

सोबत :
१. नोंदवहीची प्रत, पाने चाळीस.
२. चिठ्ठीपुस्तक : जोडलेले नाही.
३. यंत्र : जोडलेले नाही. जावेच्या दंडाला आहे.