बेघर म्हणू नका, वाईट दिसतं

देवगाव फाटा,
मंगळवार

आदरणीय सूर्यभानदादा,

तुम्हाला आणि वहिनींना जयभीम. गुडघ्यांना नवीन तेल मानवलं का? (फोनच केला असता, पण मी बोलू लागलो की तुम्ही फोन खाटेवर ठेवून गल्लीत एक चक्कर मारून येता, हे वहिनींनी सांगितलंय.)

आमचं घर रस्त्याच्या रुंदीकरणात गेल्याला पाच महिने झाले. तेव्हापासून मी, कस्तुराबाई आणि आपली साक्षी असे आम्ही तिघं माझ्या लाऊडस्पीकरच्या टेम्पोत राहतो. परवा घरकुलाच्या यादीसाठी कारकून आला. मी म्हणालो, लिहा बेघर. तो कागदात बघत म्हणाला, "साहेबांनी तो शब्द बंद केलाय. वाईट दिसतं. 'चलनिवासी' लिहायचंय." दादा, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. टेम्पोच्या टपावर चढलो आणि चाळीस मिनिटं बोललो. उपाशी माणसाला उपवासी म्हटल्यानं त्याचं पोट भरतं का, इथून निघालो (रोमच्या गुलामांपर्यंत जाऊन परत आलो). फाट्यावर दोन बस रिकाम्या उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात खालून कस्तुराबाईंचा आवाज आला, "भाषण झालं असंल तर उतरा. माझ्या डोक्यावर नाचायलाव तुमी, टपाचा गंज कणकेत पडायलाय."

साहेब मात्र हलले (मनानं, खुर्चीवरून नव्हे). त्यांनी शब्द बदलला. आता आम्ही 'वाहनसंपन्न कुटुंब' आहोत, आणि वाहन असणाऱ्याला घरकुल नाही म्हणून यादीतून नावच गेलं. चलनिवासी राहिलो असतो तर निदान शेवटच्या पानावर असतो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. टेम्पोत येरझाऱ्यांना अडीच पावलं जागा आहे; तेवढ्या घालतो.

तुमचा धाकटा,
सिद्धोधन

ता. क. लिहायचं राहिलं ते एवढंच, की रविवारी जिंतूरचे पाहुणे साक्षीला बघायला येणार आहेत. अकरा ते तीन तुमचं सेलूचं घर आमचं असू द्या. दारावरची तुमच्या नावाची पाटी तेवढी उतरवून ठेवा. "कुठं असता?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा "आमचं फिरतं असतं, मुक्काम सेलूला," असं मी म्हणालो. हे खोटं नव्हे. जरा सौम्य भाषा आहे.

ता. क. (साक्षीचा) मोठेबाबा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. पाटी उतरवू नका. आम्ही टेम्पोत राहतो, हे मी मुलाला कालच फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मग टेम्पोतच येतो. फक्त पोहे खाऊन होईपर्यंत बाबांना तुमच्याकडे अडकवून ठेवा. गल्लीत त्यांचं व्याख्यान ठेवलंय असं कळवा, लगेच निघतील.