मामंजींच्या आवाजातून लूम काढताना

४ जाने.
घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मामंजींचा आवाज कायमचा गेला. आज मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या कंप्युटरमधी यांचा आवाज निघंल का गं?" नवऱ्याच्या, म्हणजे नितीनच्या मोबाइलवर जुनं रेकॉर्डिंग सापडलं, शनवारा भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यातून मामंजींनी घरी केलेल्या फोनचं. निम्मी लूमची खडखड. कॉलेजात पोरांना हेच शिकवते, म्हणून टेचात सांगून बसले, "दोन दिवसांत काढून देते." माझी जीभ!

६ जाने.
प्रोग्रॅम लिहून आवाज सुरासुरांत फोडला. एकेक सूर म्हणजे एकेक कॉम्प्लेक्स नंबर, एक भाग वास्तव, एक काल्पनिक. लूमचे सूर ठरलेले, तेवढे शून्य करायचे, बाकीचे परत जोडायचे. झालं! जोडलं, तर मामंजी सरळ नि उलटे एकाच वेळी बोलायला लागले. नितीन हसून लोळला, "पप्पा तो उल्टे में भी डाँट रहे हैं!" डोकं फिरलं. बोलत नाहीये त्याच्याशी.

८ जाने.
सापडलं. मूर्ख मीच. सूर परत भरायला घेतलेला आकड्यांचा रिकामा खण, म्हणजे अ‍ॅरे साध्या, एकाच भागाच्या फ्लोट आकड्यांचा. त्यात कॉम्प्लेक्स ओतले, काल्पनिक भाग गुपचूप गळाला, आणि त्याच्याबरोबर सरळ-उलट्यातला फरकही. गुपचूप कसला, वॉर्निंग येते. लाल अक्षरं डोळ्यांत खुपतात म्हणून मीच बंद करून ठेवलेली. यावरून पोरांचे मार्क कापते मी! अ‍ॅरे कॉम्प्लेक्सचा घेतला. मामंजी सरळ बोलले. एकटीच ऐकत बसले. रडू आलं.

९ जाने.
जेवणं झाल्यावर सासूबाई-मामंजींना ऐकवलं.
"नितीनची आई! जेवून घे! थांबू नको माझ्यासाठी!"
लूम नाही, नुसते मामंजी. सासूबाई दचकल्याच. "माय! इतकं ओरडायचे हे माझ्यावर?"
मामंजींनी मान खाली घातली.
मी म्हटलं, "आई, लूमच्या वर आवाज काढावा लागायचा ना."
"ते कळतं गं. पण तव्हा मला कधी ओरडणं वाटलंच नाही."
पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मामंजींच्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून, "यांचं हळू बोललेलं काही नाही का गं?"
सगळे मोबाइल पालथे घालून झालेत. हे एवढंच आहे. पण नाही म्हणवेना. "बघते," म्हटलं. मामंजी माझ्याकडेच बघत होते.