माईसाहेबांच्या घरातली पाठमोरी बाई

३ जून, सोमवार

आज रुजू झाले एकदाची! वाहिनीच्या तळघरात एक खोली, एक मशीन, भिंतभर जुन्या टेपा आणि मी. काम काय, तर टेप लावायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची आणि प्रत्येक प्रसंगात कोण कोण दिसतं ते तक्त्यात लिहायचं. मालिका बघायचा पगार! आणि मालिका कुठली, तर आमचीच. माझी न् ताईची. दप्तर भिरकावून जिच्यापुढे बसायचो ती.

रोज दुपारी दोनला पुन्हा दाखवताहेत. आधीची बाई मध्येच निघून गेली, म्हणून शेवटचे दहा भाग माझ्या वाट्याला. ताईला फोन केला तर ती किंचाळलीच. म्हणाली, माझ्यासाठी मालिकेतल्या त्या दुष्ट माईसाहेबांना एक चिमटा काढ. आई गेल्यावर माझी वेणी घालायची ती हीच मालिका बघता बघता, त्यामुळे माझा भांग कायम वाकडा.

४ जून, मंगळवार

इतक्या वर्षांनी बघताना मजा येते. तो भव्य वाडा म्हणजे चक्क पुठ्ठा आहे. दार आपटलं की भिंत हलते. माईसाहेब मात्र अजून तशाच. लहानपणी मला ती बाई साक्षात कैदाशीण वाटायची. आता वाटतं, बाकी सगळे पाठ केलेलं बोलतात, ही एकटी खरं बोलते.

मशीनवाले काका शिस्तीचे आहेत. आज तिसऱ्यांदा बजावलं, की मागे जे न बोलणारे लोक असतात त्यांच्यापुढे ‘अनोळखी’ एवढंच लिहायचं. ओळखीचं कुणी दिसलं, तरी नाव म्हणून लिहायचं नाही. का, ते सांगत नाहीत. मला ‘का’ न सांगता कुणी काही सांगितलं की माझं डोकं सटकतं.

५ जून, बुधवार

भाग पंचेचाळीस. माईसाहेबांच्या जेवणघरात मागे भिंतीशी एक बाई ताटं पुसते, पाठमोरी. डावा हात कमरेवर, वेणी पुढे घेतलेली. हुबेहूब ताई! मी एकटीच खो खो हसले आणि नावाच्या रकान्यात शाईने लिहिलं, ‘आमची ताई’. उद्या तिला तक्त्याचा फोटो पाठवीन. काकांचा नियम गेला खड्ड्यात.

६ जून, गुरुवार

ताईचा फोन लागेना. दुपारी भाऊजींना केला. ते म्हणाले, कोण ताई? थट्टा वाटली. मग फार अदबीने विचारलं, आपण कोण बोलताय.

तशीच उठून ताईच्या घरी गेले. भाऊजींनी मला दारातच उभं केलं, परक्यासारखं. मागे खुंटीवर ताईचा एक कपडा नाही. कपाटावर लग्नाचा फोटो असतो, तिथे घड्याळ. खोटं कशाला बोलू? रस्त्याच्या कडेला बसून रडले.

७ जून, शुक्रवार

टेप लावली. परवा पाठमोरी एक होती, आज दोघी आहेत. दुसरी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी. निळ्या बटणांचा झगा, ताई घरी घालते तोच. माझी ताई. माईसाहेब तिला ताट पुन्हा पुसायला लावतात आणि ती मान खाली घालून पुसते. ताई! जिने उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही!

काकांना धरलं. शेवटी बोलले. आधीच्या बाईने नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, गमतीत. नवरा टेपेत गेला. मग तिने स्वतःचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नवरा परत आला, पण बायको होती हेच त्याला आठवत नाही. पाठमोरी बाई म्हणजे तीच.

म्हणजे बाहेर काढता येतं.

१० जून, सोमवार

नाव खोडलं. ब्लेडने खरवडलं. कागद फाटला, तरी ती तिथेच. काका म्हणतात, नोकरी सोडा, विसरा, नाहीतरी हळूहळू विसरालच. मी म्हटलं, काका, विसरायला ती काय छत्री आहे?

पण आज सकाळी वेणी घालताना तिचा आवाज आठवेना. कितीतरी वेळ.

१२ जून, बुधवार

शेवटचा भाग मला पाठ आहे. माईसाहेब आतून कुलूप लावतात, घर पेटवतात, एकालाही सोडत नाहीत. लहानपणी तो बघून ताई दोन दिवस नीट जेवली नव्हती. त्या भागाची प्रत आधीच वर प्रक्षेपणाला गेली आहे, मी टेप जाळली तरी दाखवणारच. सोमवारी, दोनला.

आज माईसाहेबांनी बोलता बोलता थांबून सरळ माझ्याकडे बघितलं. हसल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

१४ जून, शुक्रवार

ताई आता बोलत नाही. नुसती पुसते. तिच्या चेहऱ्यावर — काही नाही. ताटासारखा.

काकांनी तक्ता लपवला. मी शोधून काढला.

१७ जून, सोमवार. सकाळ

लिहिलं. ‘अनोळखी’ नाही — माझं नाव, संपूर्ण, ठळक. काका रडताहेत. त्यांना म्हटलं, उगाच मर्तिकाचा चेहरा करू नका. माणूस आणायला चाललेय. ही वही बरोबर घेतेय.

भीती वाटते. वाटू दे.

दोन वाजले

आत. भिंती पुठ्ठ्याच्या नाहीत — दगड. गार.

ताईने मला ओळखलं नाही. विचारलं, आपण कोण. म्हटलं, ओळख राहू दे बाई, हात दे. दिला. गरम आहे हात — जिवंत —

माईसाहेब कुलूप शोधताहेत. माझ्याकडे आहे — दाराशी होतं, आल्या आल्या उचललं.

ढकललं ताईला. बाहेर. उंबऱ्यावर वळून बघत राहिली — पळ म्हटलं, पळ ना गं — पळाली! पळाली ताई!

दार आपोआप मिटलं. उघडत नाही.

माईसाहेब म्हणाल्या, आता तू ताटं पूस. सगळी फोडली. एकूण एक.

पाठमोरी बाई वळली. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आता दोघी आहोत —

काडी पेटवली त्यांनी. पण हात थरथरतोय. माईसाहेबांचा हात थरथरतोय! मी म्हटलं, विझवा ती, मुकाट्याने, नाहीतर आम्ही दोघी मिळून तुम्हाला —