घरचा शनिवार

६ मे २०१९, सोमवार

गवत कापत होतो तेवढ्यात व्हिलिसोनी मैदानात आला आणि हातानेच खूण केली — मशीन बंद कर. मला वाटलं, पट्टे वाकडे गेले असतील. तसं काही नव्हतं. बेटाच्या रग्बी संघाचा इतिहास लिहायचा आहे म्हणे. आणि तो मी लिहायचा!

"मी?"

"मग कोण? चर्चची इतिवृत्तं वीस वर्षं तूच लिहितोस. तुझं अक्षर वाचता तरी येतं. आणि या मैदानावर तुझ्याइतका वेळ कुणी काढलाय?"

"गवत कापण्यात काढलाय."

"तेच ते."

पंधरा जूनला ७९च्या ऑकलंड दौऱ्याची चाळिशी साजरी करायची आहे. क्लबच्या भिंतीवर लाकडी पाटी लागणार. बेटाकडून एक जरी सामना खेळलेला असेल तरी त्याचं नाव तीत येणार. मग मी इतिहास मोठ्याने वाचायचा. व्हिलिसोनी अध्यक्ष आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. जाता जाता वळून म्हणाला, "शेवटच्या सामन्याचं मात्र स्पष्ट लिही. चषक कुणाच्या हट्टापायी गेला ते. तुझा मामा असला तरी."

फालानी मामा. तेव्हाचा कर्णधार. ऑकलंडला अंतिम सामना रविवारी आला आणि रविवार देवाचा म्हणून हा उतरलाच नाही. आम्ही ९–१२ हरलो. आमच्या निउए बेटावर हे प्रत्येकाला पाठ आहे. चर्चमध्ये त्याची स्तुती होते, मैदानावर टिंगल. मी दोन्हीकडे जातो.

९ मे, गुरुवार

मामाकडे गेलो. त्याच्या डोळ्यांतला पडदा वाढलाय. आता फक्त उजेड आणि सावली कळते. पायरीवर बसला होता.

"कोण ते? मैदानाचा न्हावी काय?"

"हो मामा. आहीने ताकिही पाठवलंय."

हातानेच पानं उलगडली, तारोची चकती आणि पपई चाचपून पाहिली, खुशीत मान हलवली. "बायको गुणाची आहे तुझी. पण तुझं काय? तीन ईस्टर झाले, या पायरीवर ऊगा दिसला नाही. नारळखेकडे संपले का बेटावरचे?"

"मी कधी —"

"असू दे, असू दे. तूही म्हातारा होत चाललास."

मी वाद घातला नाही. त्र्याहत्तर वर्षांचा आहे, गोष्टींची सरमिसळ होते. पाटीचं सांगितलं. त्याने एकच विचारलं — "दाजींचं नाव आहे ना तीत?"

"आहे. एक सामना."

"मग झालं," म्हणाला आणि खायला लागला.

दाजी म्हणजे माझे बाबा, लागी. जन्मात एकच सामना खेळले, तोच अंतिम. मामाच्या जागी उभे राहिले. परत आल्यावर मामाच्या घरची पायरी कधी चढले नाहीत. समोरून तो आला की रस्ता ओलांडत. "तो उतरला असता तर जिंकलो असतो" — सदतीस वर्षं हे एकच वाक्य. २०१६ साली गेले, तोवर. आई मधल्या मध्ये झुरली आणि २००४ सालीच गेली.

१२ मे, रविवार

पाळकांनी आज पुन्हा मामाच्या रविवाराचा दाखला दिला. मामा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याची नम्रता मला नेहमीच आवडते.

१४ मे, मंगळवार

सिआकिसोनीच्या लेकीने बिस्किटांचा डबा आणून दिला. सिआकिसोनी दौऱ्याचा व्यवस्थापक होता आणि चर्चमध्ये प्रवचनंही करायचा. डब्यात त्याची गुणवही निघाली! झुरळांनी कडा खाल्ल्यात, पण अक्षर मोत्यासारखं. तीन सामने, प्रत्येकाखाली पंधरा नावं. पहिला शनिवार २ जून, दुसरा शनिवार ९ जून. दोन्ही जिंकले. दुसऱ्यात मामाने रेषेपार चेंडू टेकवला, ट्राय! सगळं उतरवून घेतलं.

संध्याकाळी माझ्या कोयत्याची मूठ निघाली. भिंतीवरचा बाबांचा काढून बघितला. नाहीच जमत — डावखुऱ्याची धार, माझ्या हातात फांदीवरून नुसता घसरतो. पुसून परत टांगला.

२२ मे, बुधवार

कालच्या विमानाने ऑकलंडच्या चुलतभावाने जुन्या वर्तमानपत्रांच्या प्रती पाठवल्या. पहिल्या सामन्याची बातमी सोमवार, ४ जूनच्या अंकात आहे. त्यात लिहिलंय — "काल रविवारी झालेल्या सामन्यात".

गुणवहीत शनिवार २ जून. बातमीत रविवार ३ जून. आधी वाटलं, पेपरवाले चुकले. मग दुसऱ्या सामन्याची बातमी बघितली. तिथेही रविवारच!

मग गुणवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. "आपण परक्या घरी आहोत, पण दिवस आपलेच. घड्याळ फिरवू नये." सिआकिसोनीने दौराभर घड्याळही घरचं ठेवलं आणि वारही घरचा! आपल्याकडे शनिवार असतो तेव्हा तिकडे रविवार उजाडलेला असतो. हे त्याला ठाऊक होतं, पण जुमानायचं नव्हतं. पोरं तिकडच्या रविवारी खेळत होती, आणि तिकडच्या सोमवारी वसतिगृहात ओळीने बसून उपासना करत होती, कारण घरी रविवार होता. आपल्या माणसांशिवाय असं कुणाला सुचणार! हसू आलं.

मग हसू थांबलं. तिन्ही सामने तिकडच्या रविवारीच झाले. म्हणजे दोन रविवार मामा खेळला. ट्रायही मारला. मग तिसरा रविवारच तेवढा देवाचा?

२४ मे, शुक्रवार

आहीला सांगितलं. ती तारो सोलत होती.

"दोन रविवार विसरला असेल बिचारा. तिसऱ्याला आठवला."

"होऊ शकतं. देवाला तिसऱ्यांदा आठवलेलंही चालतं."

"देवाला चालतंय. तुला चालत नाहीये."

खरं आहे. बावीस वर्षांचा होतो. ऑकलंडला कारखान्यात रविवारची पाळी आली, मी नाही म्हणालो, नोकरी गेली. त्या सकाळी मामाच डोळ्यांसमोर उभा होता — तो चषक सोडू शकतो तर मी पगार का नाही? परत आलो. आज चर्चचा सेवक आहे. माझं अर्धं आयुष्य त्या एका रविवारावर उभं आहे.

"त्या रविवारानेच मला नवरा दिला," आही म्हणाली. "जास्त उकरू नकोस. उलटा ऑकलंडला निघायचास."

२८ मे, मंगळवार

विचारलं. नको होतं विचारायला. नाही — बरं झालं विचारलं.

बातमी वाचून दाखवली. गुणवहीतली तारीखही. मामाने वही मागून घेतली, खाल्लेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सिआकिसोनीची वही झुरळांनी पुरती खाल्ली नाही म्हणायची."

"मामा, तिसऱ्या रविवारी का नाही उतरलास?"

"तुला आठवतं, त्या महिन्यात चर्चमध्ये नावं वाचायचे?"

आठवतं तर! सामना झाला की सिआकिसोनी रेडिओफोनवरून नावं कळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी, घरच्या रविवारी, पाळक प्रार्थनेत ती वाचायचे. जे खेळले त्यांचीच.

"दाजी सोळावे होते," मामा म्हणाला. "पहिल्या फळीत माझीच जागा त्यांना जमायची, आणि मी मरत नव्हतो. दोन आठवडे पोरांचे बूट पुसत बसले. निघताना माझी बहीण गावभर सांगून बसली होती, माझा नवरा बेटाकडून खेळणार म्हणून. दोन रविवार ती नवी टोपी घालून त्या बाकावर बसली असणार, कान देऊन. आणि नाव नाही. तिसरा शेवटचा होता."

"मग पाय मुरगळला म्हणायचं!"

"तिकडचा डॉक्टर तपासायचा. ठणठणीत निघालो असतो. सिआकिसोनीला सांगून बघितलं. म्हणाला, अंतिम सामन्यात कर्णधार बसवू? वेड लागलंय का तुला? वरून प्रवचन करणारा माणूस. ज्याच्यापुढे त्याला बोलता येणार नाही असं एकच कारण होतं. सकाळी उठलो आणि म्हणालो, आज इथे रविवार आहे, मी खेळणार नाही. तो लालबुंद झाला. पण करतो काय?"

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? दान दिलं म्हणून? आपल्या जोरावर उतरलो असं वाटू दे माणसाला. स्क्रमच्या रेटारेटीत आमची फळी दाजींच्या बाजूने कोसळली शेवटी, पेनल्टी समोरच्यांना गेली. छत्तिशीतला माणूस, तरी शेवटपर्यंत उभा राहिला. ते म्हणायचे, तू असतास तर जिंकलो असतो. खरंच म्हणायचे, जिंकलो असतो."

मी विचारायला नको होतं ते विचारलं. "देवाचं नाव पुढे करून खोटं बोललास?"

"हो."

"आणि चाळीस वर्षं पाळक तुझी स्तुती करतात."

"म्हणून तर मान वर करत नाही." मग म्हणाला, "रोज त्याच्याशी बोलतो. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. तो अजून माझ्याशी बोलतो."

उठलो तर माझा हात धरला. "माझ्या नावापुढे हवं ते लिही. दाजींचं नाव हलता कामा नये."

३१ मे, शुक्रवार

एकच पट्टा दोनदा कापला. लक्ष नाही.

२ जून, रविवार

आईच्या बाकावर जाऊन बसलो. त्या दिवशी आठ वर्षांचा होतो. पाळक नावं वाचत होते, बाबांचं नाव आलं, आणि आईने माझं मनगट एवढं आवळलं की मी ओरडलोच. सगळं चर्च हसलं. ती पण. टोपी डोळ्यांवर आली होती, ती सारखी करण्याच्या निमित्ताने डोळे पुसत होती. मला वाटायचं, बाबांच्या पराक्रमाचा दिवस. होताच तो. पण ते नाव कुणी पाठवलं होतं!

मी ज्या रविवारासाठी परत आलो तो रविवार नव्हताच. तरी परत आल्याचा पश्चात्ताप शोधतोय तर सापडत नाही.

७ जून, शुक्रवार

व्हिलिसोनीने मजकूर वाचला. शेवटच्या सामन्यापाशी बोट ठेवून थांबला. "'कर्णधार उतरले नाहीत. त्यांच्या जागी लागी खेळले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. हार, ९–१२.' एवढंच? का उतरले नाहीत ते कुठाय?"

"ते मी लिहिणार नाही."

"मामाला झाकतोस!"

"झाकत नाही. हट्टापायी चषक गेला हे खोटं आहे, म्हणून लिहीत नाही. रविवारासाठी सोडला हेही लिहिलेलं नाही, बघ. चर्चवालेही माझ्यावर चिडतील."

तो चक्रावला. "मग खरं काय?"

"खरं मला ठाऊक आहे. पण ते माझं नाही. नको असेल तर दुसऱ्याकडून लिहून घे. उद्यापासून गवतही दुसऱ्याकडून कापून घे."

त्याने पेन काढलं. आवाज चढवून बोलायची मला सवय नाही, त्यामुळे असेल. "गवताचं कशाला मध्ये आणतोस," म्हणाला, आणि सही केली.

१५ जून, शनिवार

झालं. वाचताना कुठे अडखळलो नाही, देवाची कृपा. त्या ओळीपाशी मैदानवाले कुजबुजले, पाळकांनी भुवया वर केल्या. दोघांचंही समाधान झालं नाही!

सगळे जेवायला गेल्यावर मामा म्हणाला, मला पाटीपाशी ने. अक्षरं कोरलेली आहेत. त्याने बोटांनी एकेक नाव वाचत नेलं. स्वतःचं आलं, त्यावर थांबलासुद्धा नाही. बाबांचं आलं तेव्हा पूर्ण तळवा ठेवला.

"खोल कोरलंय," म्हणाला. "बरं केलं."

१७ जून, सोमवार

उरलेलं डुकराचं मांस द्यायला मामाकडे गेलो. पुन्हा ऊग्याची आठवण काढली. "आधी वाटायचं, माझी बहीण ठेवते. दर ईस्टरला, उजाडायच्या आत, नांग्या सालीने आवळून बांधलेला. ती गेल्यावरही येत राहिला, तेव्हा म्हटलं भाचा ठेवतो. एवढं मात्र विचारायचं राहिलं. तू डावखुरा कधी झालास? गाठ नेहमी उलटी असायची, सोडवताना नाकी नऊ यायचे."

तसाच उठलो. घरी आलो, भिंतीवरचा कोयता काढला, परत गेलो आणि त्याच्या हातात ठेवला.

त्याने मूठ चाचपली. मग अंगठा धारेवरून फिरवला — एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"दाजी," म्हणाला.