मधल्या स्पीकरचा आवाज

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. खरं तर ठीकपेक्षा बरंच बरं आहे, आणि ते नीट बैजवार सांगायचंय म्हणून फोन न करता लिहायला बसले.

गेला आठवडा मी त्या जुन्या थिएटरच्या कामावर होते. मालकांनी नवा साउंड प्रोसेसर घेतलाय. तू नेहमी विचारतोस ना, त्या डब्यात असतं तरी काय? अरे, सिनेमाचा सगळा आवाज आधी त्याच्यात येतो. कुठल्या स्पीकरने काय, किती मोठ्यानं आणि किती उशिरा बोलायचं, ते तो ठरवतो. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, बाकी गडगडाट आजूबाजूने. ते सगळं त्याला शिकवायचं म्हणजे खुर्च्यांमध्ये मायक्रोफोन उभे करायचे, एकेका स्पीकरमधून नळ सोडल्यासारखा खरखराट सोडायचा आणि मीटर बघत बसायचं. मागच्या भिंतीवरचे स्पीकर जरा उशिरा बोलायला लावावे लागतात, नाहीतर शेवटच्या रांगेतल्या माणसाला पडद्याआधी भिंतच बोलतेय असं वाटतं. दिवसभर तो खरखराट ऐकून डोक्याचं पार भुस्काट होतं.

बाबांना सोबत नेलं होतं. नेणार नाही तर काय करणार? किटली शिट्टी मारून मारून करपली आणि हे शेजारच्या खोलीत शांतपणे पेपर वाचत बसलेले, हे तुला सांगितलंच होतं. त्यानंतर एकटं ठेवायची हिंमत होत नव्हती. बोलणंही कुठल्या कुठे जायचं. मी विचारावं, भात वाढू का? तर म्हणायचे, हात धुतलेत मी. गोळी घेतलीत का? जाळी ना, उद्या लावू. आधी हसायला यायचं, मग येईनासं झालं. हळूहळू त्यांनी बोलणंच टाकलं. दारात कोणी आलं की उठून आत जायचे. तुझा फोन आला की 'हं, बरं' करून माझ्या हातात द्यायचे. डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं, तेव्हा आपण दोघांनी मनात काय धरलं होतं ते लिहीत नाही. तुलाही माहीत आहे, मलाही.

तर परवा काम संपत आलं होतं. या प्रोसेसरला कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट असते. संवाद तेवढे उचलून, बाकीचा गोंगाट दाबून, तो आवाज खुर्चीवरच्या माणसाच्या हेडफोनमध्ये पाठवायचा. मालकांना ती सोय हवीच होती. मी ती जोडली, पण तपासायला माणूस कुठून आणणार? वायरमन जेवायला गेला होता. बाबा मधल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या कानावर हेडफोन चढवला, मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत आले, अ‍ॅम्प्लिफायर बंद होते म्हणून हॉलमध्ये चिडीचूप, आणि माइकमध्ये अगदी हळू म्हटलं, "बाबा, येतंय का ऐकू?"

खालून खणखणीत आवाज आला, "येतंय की! ओरडतेस कशाला?"

छोट्या, मग मी सुटलेच. सकाळी काय खाल्लंत? कालचा उरलेला पाव, आणि तोही तू करपवलेला. शेजारच्या मावशी कुठे गेल्यात? मुलीकडे, बाळंतपणाला, हे तूच मला तीनदा सांगितलंस, पुटपुटत. छोट्या काय करतो? त्यावर मागे वर माझ्या खोलीच्या खिडकीकडे वळून म्हणाले, पोरांना पोहायला शिकवतो, आणि त्याची पोरं या वर्षी मोठ्या स्पर्धेला जाणार आहेत, मला काय विचारतेस? एकही उत्तर इकडचं तिकडे नाही. मी जिना कशी उतरले देव जाणे. शेजारी जाऊन बसले तर त्यांनी हेडफोन एका हाताने घट्ट धरून ठेवला होता. म्हणाले, "मला वाटलं, माझं डोकंच गेलं. माणसं बोलतात आणि मला अर्थच लागत नाही. कुणाला सांगणार?" मग आम्ही दोघं त्या रिकाम्या हॉलमध्ये रडलो. तेवढ्यात वायरमन डबा घेऊन परतला आणि आल्या पावली बाहेर गेला बिचारा.

काल कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही कानांनी ऐकणं बरंच कमी झालंय. जाड, घुमणारे आवाज कळतात, पण किटलीच्या शिट्टीसारखे बारीक आवाज आणि बोलण्यातली बारीक अक्षरं गळून जातात. आज स्मरणशक्तीची तपासणीही झाली. वयाच्या मानाने उत्तम. चष्मा शोधतात तेवढा शोधतील, तो तर तूही शोधतोस. कानातलं यंत्र कालच मिळालंय आणि तेव्हापासून तक्रारींना ऊत आलाय. फ्रिज फार बोलतो. मी भांडी आपटते. माझी चप्पल म्हणे आयुष्यभर अशीच वाजत होती का? जगभरच्या थिएटरांचे आवाज जुळवत फिरणारी मी, आणि घरातलं हे माझ्या ध्यानात आलं नाही, यावरून कालपासून टोमणे खाते. खाऊ दे. काल रात्री खूप दिवसांनी गाढ झोपले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोमवारी तू राजीनामा देणार आहेस, खोलीही सोडणार आहेस, हे मला तुझ्या मित्राकडून कळलं. तू सांगितलं नसतंस, मुकाट्यानं येऊन उभा राहिला असतास. नको देऊस. पत्र त्याआधी पोचावं म्हणून कुरिअरने धाडतेय. फोनवर सांगितलं असतं तर म्हणाला असतास, ताई मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिलंय, आणि बाबांना मोठ्यानं वाचूनही दाखवलंय. त्यांनी एकदाच मध्ये तोडलं, आणि तेही तुला कळवायला सांगितलंय: "त्याला लिही, मला बघायला यायचं तर कधीही ये. मला सांभाळायला येऊ नकोस."

तुझीच, आज फार हलकी झालेली,
ताई