वीतभर जागा आणि उत्तरेचा उजेड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मोजणी कार्यालयातली निवृत्त नकाशाकार, माझ्या घराच्या मधल्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल मला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि पुढे उणे पाच म्हणाले, तेव्हा त्यांनी घाईने दाखला लिहून दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पुतण्याने थोडी लाडीगोडी लावून पाहिली, पण ती लागू पडली नाही. याआधी केलेली दोन मृत्युपत्रे याने रद्द समजावीत.

आयुष्यभर मी लोकांच्या जमिनींच्या रेघा ओढल्या. तरी एका गोष्टीचे मला अजून नवल वाटते. जमिनीवर रेघ नसते. गवत इकडून तिकडे जाते, मुंग्या जातात, पाणी जाते. कागदावर मी एक रेघ ओढते आणि त्या दिवसापासून एक माणूस त्या जागी थांबतो. आणि त्याहून मोठे नवल हे, की आज मी इथे जे वाक्य लिहीन ते मी गेल्यावरही एखाद्याला भिंत बांधू देणार नाही. एवढी ताकद मला जिवंतपणी कधीच नव्हती.

कलम एक. स्थावर मिळकत. तीन खोल्यांचे घर व त्याच्या दक्षिणेचे मोकळे अंगण. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बेकरीची मागची भिंत, उत्तरेस शाळेचे कुंपण, दक्षिणेस घड्याळजींचे दुकान. घर मी माझ्या पगारातून खरेदीखताने घेतले आहे, ते वडिलोपार्जित नाही. त्यामुळे ते कोणाला द्यायचे हे ठरवायला मी मुखत्यार आहे. थोरल्या भावाने एकदा चारचौघांत ‘आपलं घर’ असा शब्द वापरला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिले. भाऊ आता नाही, पण शब्द मागे राहतात.

हे घर व अंगण मी माझ्या पुतण्याला देते, मात्र कलम चार आणि पाचमधल्या बोजांसह. मालकी म्हणजे वाटेल ते करण्याची मुभा, अशी त्याची समजूत आहे. तो बांधकामाचे ठेके घेतो, त्यामुळे त्याला मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. गेल्या वर्षी तो अंगणात दोन मजले चढवण्याचा आराखडा घेऊन आला. दक्षिणेची भिंत त्याने घड्याळजींच्या खिडकीला अगदी चिकटवून काढली होती.

“आणि त्यांच्या खिडकीचं काय?” मी विचारले.

“आत्या, उजेडाचं काय घेऊन बसलीस? दिवा लावा म्हणावं. जागा आपली आहे.”

बाळा, तुझा आराखडा सुबक होता, हे मी तेव्हा रागात सांगितले नाही. आता सांगते. मधल्या दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या अकरा खुणा आहेत. चौकट भिंतीत पक्की असते, म्हणून ती स्थावर. ती घराबरोबर तुझ्याकडेच येईल, दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. या एका कारणासाठीसुद्धा घर तुलाच द्यावेसे वाटले.

कलम दोन. जंगम वस्तू. कपाट, भांडी, पुस्तके पुतण्याने ठेवावीत किंवा वाटून टाकावीत. माझे नकाशा काढायचे टेबल मात्र घड्याळजींच्या मुलीला द्यावे. ती वडिलांचेच काम पुढे चालवते आणि तिच्या दुकानातले टेबल डुगडुगते. हे टेबल जमिनीला चार स्क्रूंनी जखडलेले होते. जखडलेली वस्तू घराचा भाग मानली जाते आणि घराबरोबर जाते, म्हणून परवा मी चारही स्क्रू स्वतः काढले. पाठ धरली, पण टेबल आता जंगम आहे. स्क्रू खणात आहेत. तिने ते नव्या जागी लावावेत, म्हणजे ते पुन्हा स्थावर होईल. चार स्क्रूंनी एखाद्या वस्तूची जात बदलते, याचे मला तेव्हाही हसू आले आणि आताही येते.

कलम तीन. कार्यालयातले आमचे साहेब. त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. या भागाचे एकेचाळीस नकाशे मी काढले आणि एकेचाळिसांवर त्यांची सही आहे. बाईच्या हाताला स्थिरपणा नसतो, असे ते म्हणत. माझे नाव एकाही कोपऱ्यात नाही. हा राग मी बरोबर घेऊन जाणार होते. पण पुढच्या कलमात लिहिलेली गोष्ट घडल्यापासून तो बराच उतरला आहे.

कलम चार. उजेड. घड्याळजींच्या दुकानाला एकच मोठी खिडकी आहे आणि ती उत्तरेला, माझ्या अंगणावर उघडते. बारीक कामाला उत्तरेचा उजेड लागतो, कारण तो दिवसभर एकसारखा राहतो आणि त्यात सावल्या हलत नाहीत. दुकान घेतले त्या दिवशी, सोळा मार्चला, घड्याळजी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

“बाई, तुमच्या अंगणावरून माझ्या खिडकीत उजेड येतो. घेऊ का?”

मला वाटले, गडी थट्टा करतो आहे. पण ते टोपी हातात धरून उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणाले, “घ्या.” पुढच्या सोळा मार्चला ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. अशी तीस वर्षे.

आता कायदा असा आहे. एखाद्याने शेजाऱ्याच्या जागेवरून येणारा उजेड वीस वर्षे उघडपणे, हक्काने, कोणाला न विचारता घेतला, तर तो त्याचा सुविधाधिकार होतो. मग शेजाऱ्याला तिथे भिंत घालून तो अडवता येत नाही. पण परवानगी मागून घेतला, तर शंभर वर्षांनीही हक्क तयार होत नाही. घड्याळजी दर वर्षी माझ्या दारात येऊन स्वतःचा हक्क स्वतःच्या हाताने पुसत होते. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मी गप्प राहिले. का राहिले, याचे चांगले कारण माझ्याजवळ नाही. जागा मोकळी राहिली तर बरी, एवढा कोता हिशेब होता. नंतर नंतर तर मी त्या तारखेची वाट पाहू लागले होते, हेही खरे आहे.

गेल्या सोळा मार्चला ते काठी टेकत आले. त्यांची प्रकृती पार ढासळली होती. पुतण्याचा आराखडा माझ्या टेबलावर पसरलेला होता. मला राहवले नाही. मी त्यांना बसवले आणि सगळे सांगून टाकले.

ते हसले. “वकिलाने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. गप्प बस, वीस वर्षांनी तुझंच होईल.”

“मग गप्प का नाही बसलात?”

“न विचारता घेतलं की मिळतं म्हणे. मला तसं नको होतं. रोज ज्याच्यावर पोट भरतो ते मागून घ्यावं, असं वाटलं.”

मग खिशातले डोळ्याला लावायचे भिंग काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. “तुमचा नकाशा आणा. पहिल्या वर्षी मोठ्या ऐटीत दाखवला होतात, तो.”

आमच्या कामाची एक पद्धत आहे. जुना नकाशा नव्या कागदावर उतरवताना कोपऱ्यांवर सुईने टोचायचे आणि मग टोचण्या शाईच्या रेघेने जोडायच्या. टोचणी ही हद्द, रेघ तिच्यावरूनच गेली पाहिजे. भिंगातून मी दक्षिणेची हद्द पाहिली. दोन्ही टोचण्या कोऱ्या होत्या. रेघ त्यांच्या पलीकडून, घड्याळजींच्या बाजूने गेली होती. अर्धा मिलिमीटर. आमच्या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक वीत.

म्हणजे त्या दुकानाच्या मूळ मालकाने भिंतीबाहेर वीतभर जागा स्वतःची सोडली होती, आणि ती मी, हात न थरथरता, एका सरळ सुंदर रेघेने माझ्या अंगणात ओढून घेतली होती. खिडकीखालची जागा त्यांची होती, आणि ते तीस वर्षे उजेड मागायला माझ्या दारात येत होते.

मी बराच वेळ भिंगातून डोळा काढला नाही. वर पाहायची हिंमत नव्हती.

“तुम्हांला हे केव्हापासून माहीत?”

“त्याच दिवसापासून. आमची नजर तेवढी असतेच.”

“आणि एक शब्द बोलला नाहीत?”

“चांगल्या कामावर साहेबांची सही,” ते म्हणाले. “चूक निघाली असती तर ती मात्र तुमच्या नावावर लागली असती.”

मी आयुष्यात मालकीची हजारो कागदपत्रे पाहिली. खरेदीखते, बक्षीसपत्रे, गहाणखते, वाटण्या, एका विहिरीसाठी तीन पिढ्या चाललेले दावे. आपले असूनही ते सोडून देऊन, वर उजेड मागणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या खिडकीसमोर बसत होता. ते यंदाच्या थंडीत गेले.

म्हणून मी असे लिहून ठेवते, की माझ्या अंगणावरून सदर खिडकीत येणारा उजेड हा त्या दुकानाचा कायमचा सुविधाधिकार आहे. दुकान कोणाकडेही जावो, अंगण कोणाकडेही जावो, हा हक्क जागेबरोबर जाईल. खिडकीसमोर अंगणाच्या रुंदीभर भिंत, छप्पर, पत्रा, टाकी किंवा उंच झाड येता कामा नये. घड्याळजींच्या मुलीने किंवा तिच्यानंतर कोणीही यापुढे परवानगी मागू नये. पुतण्याला हे अमान्य असेल तर घर व अंगण शाळेच्या ग्रंथालयाला जावे. तो मान्य करील. तोंडाने फटकळ आहे, पण मनाने तसा नाही.

कलम पाच. वीतभर जागा. दक्षिण हद्दीलगतची, अठरा मीटर लांब व एक वीत रुंद पट्टी. बारा वर्षे उघड कब्जा आणि हरकत कोणाची नाही, त्यामुळे कायद्याने ती कधीच माझी झाली आहे. कायदा चुकीचा नाही. जुनी भांडणे कुठेतरी मिटावीत म्हणून तो असे करतो. पण हे भांडण कधी झालेच नाही. सदर पट्टी मी घड्याळजींच्या मुलीला परत देते. नकाशाची दुरुस्त प्रत खणात आहे. टोचण्यांवरून रेघ मी या आठवड्यात पुन्हा ओढली, आणि कोपऱ्यात पहिल्यांदाच माझी सही केली.

कलम सहा. भिंग. घड्याळजींनी ते त्या दिवशी परत नेले नाही. ते मुलीचे आहे. मी फक्त सांभाळले.

एवढे लिहून झाल्यावर एक गोष्ट नोंदवायची राहते. आज सोळा मार्च. ती दहा वाजता परवानगी मागायला येणार हे मला ठाऊक होते, बापाची शिस्त तिच्यात उतरली आहे. म्हणून कागद अर्धवट ठेवून मी साडेनऊलाच अंगण ओलांडून तिच्या दारात गेले. ती चप्पल घालून निघण्याच्या बेतात होती.

“मावशी, तुम्ही कशाला आलात? मीच येत होते.”

“तुझ्या खिडकीखाली तुझी वीतभर जागा आहे,” मी म्हणाले. “ती माझ्या अंगणात आहे. मरेपर्यंत तिच्यावरून ये-जा करू का?”

तिने माझ्याकडे पाहिले. तिला सगळे माहीत होते, हे मला त्याच क्षणी कळले. मी तिथेच उभी राहिले. तीस वर्षे दारात उभे राहून उत्तराची वाट पाहणे कसे असते, ते मला तेवढ्या वेळात समजले.

“करा,” ती म्हणाली.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे. ज्याला यातून काही मिळते त्याने साक्ष करू नये असा नियम आहे, म्हणून पुतण्या आणि घड्याळजींची मुलगी दोघेही बाहेर अंगणात बसले आहेत आणि बोलत आहेत. काय बोलतात ते ऐकू येत नाही.

सही: (नकाशाकार)

साक्षीदार एक: बेकरीवाले, पश्चिमेचे शेजारी. सही केली. कागदाला पीठ लागले आहे, ते त्यांचे.

साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई. सही केली.

ठिकाण: मधली खोली, दक्षिणेच्या खिडकीपाशी, जिथून त्यांची खिडकी दिसते.

दिनांक: सोळा मार्च, दुपारी बारा. ती अंगणातून उठून गेली आणि समोर तिचे काम चालू झाले आहे.